जमीन तुमची असेल, घर आम्ही बांधलंय

प्रति,
जमीन व घरबांधणी विभाग,
आम्ही ज्या ऑनलाइन खेळात राहतो त्याची चालक कंपनी

महोदय,

खेळाच्या गेल्या पॅचच्या (म्हणजे सुधारित आवृत्तीच्या) टिपणात, नव्या तलवारी आणि घोड्यांची खोगिरं यांच्या यादीखाली, आपण चार ओळींत एक नियम बदललात. आधी मालक सलग 90 दिवस घरात फिरकला नाही तर त्याचा प्लॉट मोकळा व्हायचा. आता 30 दिवसांत होणार. मोकळा झालेला प्लॉट आधी ठरलेल्या किमतीला, खेळातल्या सोन्याच्या नाण्यांत मिळायचा. आता त्याचा लिलाव होणार आणि बोली हिऱ्यांत लागणार. हिरे खेळून मिळत नाहीत, कार्ड काढून विकत घ्यावे लागतात. जप्त घरातलं सामान 14 दिवस गोदामात राहणार, मग नष्ट होणार. आणि हे सगळं जुन्या घरांनाही लागू, म्हणजे 90 दिवसांच्या भरवशावर ज्यांनी घर घेतलं त्यांनाही.

टिपणात याला ‘जमिनीचा सुयोग्य वापर’ म्हटलं आहे. हे पत्र त्या चार ओळींबद्दल आहे. तुमचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आमच्यासोबत खेळणाऱ्यांना ते पहिल्या परिच्छेदातच कळलं असेल. बाकीचे वाचक दुसऱ्या कुठल्यातरी खेळात घर बांधून बसले असतील, तर त्यांनीही वाचावं. अशा ओळी एका खेळातून दुसऱ्या खेळात जायला वेळ लागत नाही.

आधी माझा यात काय संबंध ते सांगते. मी नाशिकला राहते, दिवसा एका कारखान्याचे हिशेब सांभाळते आणि रात्री जेवणं आटोपली की तुमच्या जगात येते. लढाया मला फारशा जमत नाहीत. रेडमध्ये, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या मोठ्या लढाईत, मी असले की बाकीचे मला मागे उभी करून मलमपट्टीचं काम देतात. पण सुतारकाम, रंगकाम, बागकाम मी मन लावून शिकले, कारण मला घर बांधायचं होतं. आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात, बहुतेक मराठी माणसं आहेत. सांगली, नागपूर, पणजी, दोघी न्यू जर्सीत, एक जण जर्मनीत. नदीकाठच्या वॉर्डात आम्ही एकाला एक लागून प्लॉट मिळवले. त्यासाठी काहींनी आपले चांगले कोपऱ्यावरचे प्लॉट सोडून अदलाबदल केली. त्याच गल्लीत एक पोलिश आजोबा आहेत (स्वतःला आजोबा म्हणवतात, खरंखोटं देव जाणे), ते अंगणात भोपळे लावतात आणि गल्लीभर फुकट वाटतात.

तुमच्या फर्निचरच्या यादीत तुळशीवृंदावन नाही. असायलाच हवं असं माझं म्हणणंही नाही. आम्ही ते जुळवून केलं. खाली विहिरीचा दगडी काठ, त्यावर कुंपणाचे चार खांब एकमेकांत घुसवून उभे केलेले, वर औषधी रोपाची कुंडी, तीही अर्धी दगडात बुडवलेली, म्हणजे मातीचं भांडं दिसत नाही. खरं अवघड काम कोनाड्यातल्या दिव्याचं. तुमच्या खेळात मेणबत्ती भिंतीत सरकत नाही. ती आधी फळीवर ठेवायची, फळी भिंतीत ढकलायची आणि मग अलगद फळी काढून घ्यायची, की मेणबत्ती तिथेच अधांतरी राहते. ही युक्ती मला भोपळेवाल्या आजोबांनी शिकवली. मधे एका पॅचने ती बंद पडली होती. लोकांनी ओरडा केल्यावर तुम्ही परत चालू केलीत, त्याबद्दल आभार. एका घरात दोनशे वस्तू ठेवता येतात. त्यातल्या अकरा वृंदावनानेच खाल्ल्या, त्यामुळे माजघरात जेमतेम एक झोपाळा आणि चार पाट बसले. तरी दिवाळीला अख्खी गल्ली तिथेच जमते.

एवढं सविस्तर सांगायचं कारण असं की तुमच्या नियमाच्या लेखी घर म्हणजे प्लॉट आणि त्यावरच्या वस्तू. वस्तू तुम्ही गोदामात टाकाल. विहिरीचा एक काठ, चार खांब, एक कुंडी अशी यादी मला परत मिळेल. वृंदावन परत मिळणार नाही.

आता तक्रारी.

पहिली मुदतीची. आमच्या गिल्डमधला एक जण रत्नागिरीचा आहे, मर्चंट नेव्हीत इंजिनियर. एकदा जहाजावर चढला की चार-सहा महिने उतरत नाही. जहाजावरच्या इंटरनेटवर घरच्यांशी धड बोलता आलं तरी पुष्कळ. तुमचा कित्येक जीबींचा पॅच तिथे उतरवून घेणं विसरा. 90 दिवसांतही त्याची ओढाताण व्हायची, पण बंदरात एखाद्या मुक्कामी, कुणाच्या तरी वायफायवर तो दोन मिनिटं घरात पाय ठेवून जायचा. 30 दिवसांत ते शक्यच नाही. मी त्याच्या घरात गेले तर मुदतीचं घड्याळ मागे जात नाही, कारण मालक स्वतःच यायला हवा. त्याने मला पासवर्ड देऊन ‘जरा जाऊन ये’ म्हणावं, तर अकाउंट दुसऱ्याला वापरू देणं तुमच्या नियमात बंदीयोग्य गुन्हा. म्हणजे नियम पाळला तर घर जातं, मोडला तर अकाउंट जातं. नवा नियम लागू झाला तेव्हा तो समुद्रात होता. त्याचं घर गेलं. आज त्या जागेवर नुसती माती आहे आणि हिऱ्यांत किंमत लिहिलेली पाटी.

हा एकच माणूस नाही. बाळंतपण असतं, परीक्षा असतात, दवाखाना असतो, पावसाळ्यात कोकणात दिवसच्या दिवस लाईट नसते. तीस दिवस हा आकडा अशा माणसाला डोळ्यासमोर ठेवून काढलाय, ज्याच्या आयुष्यात काहीच घडत नाही.

दुसरी तक्रार सूचनेची, आणि ती सांगताना हसू येतं. घर जप्त होण्याच्या आठवडाभर आधी तुम्ही सूचना पाठवता. कुठे, तर खेळातल्या टपालपेटीत. ती पेटी उघडायला खेळात यावं लागतं. जो खेळात येतच नाहीये, त्याला तुम्ही खेळात पत्र टाकून कळवता की तू येत नाहीयेस. आमचे ईमेल पत्ते तुमच्याकडे आहेत, दर सणाला हिऱ्यांवरच्या सवलतीची जाहिरात त्यावर बरोबर येते.

तिसरी भारतातल्या खेळाडूंची खास आहे आणि तुमच्या ऑफिसात कुणाला ती माहीतच नसावी असं मला वाटतं, म्हणून नीट सांगते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे 1 ऑक्टोबर 2021 पासून आमच्या कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापायचे असतील तर त्या कंपनीसाठी आधी वेगळी नोंदणी लागते, आणि प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. ही व्यवस्था ज्या परदेशी कंपन्यांनी उभी केली नाही, त्यांचे व्यवहार आमच्या बँका परत पाठवतात. तुम्ही ती अजून उभी केलेली नाही. त्यामुळे आमचं सबस्क्रिप्शन दर थोड्या महिन्यांनी आपोआप लटकतं, पैसे खात्यात असूनही. मग हाताने भरायचं, कार्ड नाकारलं जातं, दुसरं कार्ड, मग सपोर्टला तिकीट, मग तिकिटाला यंत्राने लिहिलेलं गोड उत्तर. या सगळ्यात घराचं घड्याळ मात्र चालूच असतं. पूर्वी 90 दिवसांत हा गोंधळ निस्तरायचा आणि दिवस उरायचे. आता पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाचं घर, तुम्हाला पैसे घेता येत नाहीत म्हणून जाऊ शकतं.

चौथी तक्रार लिलावाची. माझं मुख्य भांडण इथे आहे.

तुमच्या जगात जमीन कमी आहे, कारण तुम्ही ती कमी ठेवली आहे. ही टंचाई पावसाने किंवा लोकसंख्येने आणलेली नाही. एका वॉर्डात किती प्लॉट आणि एका सर्व्हरवर किती वॉर्ड हे तुमच्या कार्यालयात बसून कुणीतरी ठरवतं. आमचा त्यालाही विरोध नव्हता. शेजार असावा, गल्ली असावी, चालत जाताना दुसऱ्याचं अंगण दिसावं म्हणून जागा मोजकी ठेवली असं तुम्ही सुरुवातीला सांगितलं होतं आणि आम्हाला ते पटलं होतं. भोपळेवाले आजोबा आम्हाला भेटले ते त्या मोजक्या जागेमुळेच. पण ज्याने टंचाई निर्माण केली, त्यानेच जप्तीची मुदत एक तृतीयांशावर आणायची आणि जप्त केलेला माल त्यानेच खऱ्या पैशांत विकायचा, हे एका हातात आलं की चालकाचा फायदा कशात आहे ते उघड आहे. आमचं घर चालू राहिलं तर तुम्हाला महिन्याचं सबस्क्रिप्शन मिळतं. आमचं घर गेलं तर हिऱ्यांचा लिलाव मिळतो. तुमच्या मनात तसं नसेलही. पण नियमाची रचना तशी आहे, आणि उद्या तुमच्या जागी दुसरा अधिकारी आला की तो रचनेकडेच बघणार.

लिलावाची वेळही बघा. बोली बंद होते तुमच्याकडे दुपारी तीनला. आमच्याकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात, तुमचा हिवाळा असला तर साडेचार. शेवटच्या पाच मिनिटांत बोली चढते हे लिलाव बघितलेल्या कुणालाही माहीत आहे. नागपूरच्या मुलीने सकाळी सहाची शिफ्ट असताना पहाटे उठून हिरे मोजत बसावं का?

तुम्ही म्हणाल, नव्या खेळाडूंना घर मिळत नाही, म्हणून हे केलं. ही अडचण खरी आहे आणि मी ती झटकणार नाही. आमच्याच वॉर्डात अशी घरं आहेत जिथे वर्षानुवर्षं कुणी राहत नाही. मालक तीन महिन्यांतून एकदा दारात पाय टेकवून पळतात. काही जणांनी चार-चार अकाउंटांवर चार-चार प्लॉट धरून ठेवलेत. नवीन आलेली कॉलेजची मुलं आमच्या गल्लीत फिरतात आणि विचारतात, इथे जागा कधी सुटेल? त्यांना काय उत्तर द्यावं कळत नाही. पण सांगा, लिलावात ही मुलं जिंकणार आहेत का? जिंकणार तोच, ज्याच्याकडे आधीच चार प्लॉट आहेत आणि हिरे घ्यायला पैसे आहेत. नव्या मुलांच्या नावाने तुम्ही जुन्याची जागा काढून सर्वांत श्रीमंताला देताय.

जागा वाटायची तर सोडत काढा. आमच्याकडे म्हाडा ही सरकारी संस्था घरांची सोडत काढते. तिच्या कारभाराबद्दल महाराष्ट्रात कुणालाही विचारा, चांगलं बोलणारा शोधावा लागेल. पण तिथेसुद्धा अर्जदारांची यादी आधी लागते, त्यावर हरकत घेता येते आणि सोडत सगळ्यांसमोर निघते. तुमच्या लिलावात कोण बोली लावतंय, कुणाचं घर गेलं, किती घरं गेली, काहीच दिसत नाही.

आणि सोडत करून बघितलेले खेळ आहेत. फायनल फँटसी 14 मध्ये 2013 च्या शेवटी घरं आली तेव्हापासून जागेची बोंब आहे. रिकाम्या प्लॉटच्या पाटीवर लोक तासन् तास क्लिक करत उभे राहायचे, कारण जागा कुठल्या क्षणी विक्रीला खुली होईल ते कुणालाच माहीत नसायचं. एप्रिल 2022 मध्ये त्यांनी सोडत आणली. पहिल्याच सोडतीत घोळ झाला, अनेक ठिकाणी विजेता क्रमांक शून्य निघाला, म्हणजे कुणीच जिंकलं नाही. पण कंपनीने ते जाहीरपणे मान्य केलं, नोंदी तपासल्या आणि निकाल दुरुस्त केले. त्यांची रिकाम्या घराची मुदत तर 45 दिवसांची, म्हणजे फार उदार नाही. तरी तिथे गिल्डच्या घरात कुणीही सभासद गेला तर घड्याळ पुन्हा सुरुवातीपासून चालू होतं. घर पाडलं तरी सामान 35 दिवस राखणदाराकडे राहतं. आणि जानेवारी 2024 मध्ये जपानमध्ये नोटो द्वीपकल्पात भूकंप झाला, तेव्हा त्यांनी घरं पाडणंच थांबवलं. खेळणाऱ्याच्या घरी भूकंप होऊ शकतो हे त्या नियमाला ठाऊक होतं.

त्याहून जुनं उदाहरण 1997 च्या अल्टिमा ऑनलाइनचं. तिथे घरं उघड्या माळावर असायची, जागा संपली होती, आणि लोक घरांच्या सनदा ईबेवर डॉलरमध्ये विकायचे. दुर्लक्षित घर हळूहळू जीर्ण व्हायचं आणि पाटीवर त्याची अवस्था लिहून यायची. कोसळायला टेकलं की बघे सामान लुटायला भोवती जमायचे. क्रूर होतं, पण उघड होतं. येणारा-जाणारा कुणीही पाटी वाचू शकायचा आणि मित्राला फोन करू शकायचा. 2000 साली त्यांनी जमिनीची आख्खी दुसरी प्रतच काढली, कारण जमीन वाढवणं चालकाच्या हातात असतं. उलट टोक बघायचं तर आर्चएज. 2014 मध्ये तो पश्चिमेत आला तेव्हा जमीन फक्त सबस्क्रिप्शन भरणाऱ्याला होती, पहिल्या दिवसापासून झुंबड, वर जमिनीचा कर. अमेरिका-युरोपातले त्याचे सर्व्हर 2024 मध्ये बंद झाले. फक्त जमिनीमुळे झाले असं मी म्हणत नाही.

सध्याचं सर्वांत मोठं उदाहरण तुमच्या डोळ्यासमोर आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट 2004 पासून चालू आहे आणि इतकी वर्षं तिथे घर नव्हतं. घरं आणायचं ठरलं तेव्हा फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी आधी काय नसेल ते सांगितलं. भरमसाट किंमत नसेल, लॉटरी नसेल, देखभालीचा जाच नसेल, आणि सबस्क्रिप्शन संपलं तरी घर जप्त होणार नाही. शिवाय शेजारही ठेवला, सुमारे पन्नास प्लॉटांची एक वस्ती. म्हणजे शेजार हवा तर जप्ती हवीच, असं तुम्ही म्हणाल तर ते आता टिकत नाही.

पाचवी तक्रार सामानाची. 14 दिवसांनी वस्तू नष्ट करण्याचं कारण तुम्ही ‘साठवणुकीवरचा ताण’ असं दिलंय. मी प्रोग्रामर नाही, पण गिल्डमधले तिघे आहेत. त्यांचं म्हणणं, घर म्हणजे वस्तूंची एक यादी: कुठली वस्तू, कुठे ठेवलीय, किती फिरवलीय, कुठला रंग. दोनशे वस्तूंची अशी यादी मी कारखान्यात रोज पाठवते त्या एका एक्सेल फाइलपेक्षा लहान भरेल. घर जिवंत ठेवायला, त्यात लोक फिरायला, सर्व्हर लागतो हे खरं. पण मिटलेल्या घराचा आराखडा जपून ठेवायला कसला ताण? तो आराखडा ठेवा. माणूस परत आला, दुसरीकडे कुठे जागा मिळाली, की एका क्लिकमध्ये घर पुन्हा उभं राहील. माझी खात्री आहे की हे केलंत तर जप्तीवरचा निम्मा राग उद्याच शमेल.

मागच्या तारखेपासून नियम लावण्याबद्दल वेगळं काही लिहायला नको. दुकानदार विकलेल्या मालाची वॉरंटी नंतर कमी करत नाही.

आता कायद्याचं थोडं, कारण सपोर्टच्या प्रत्येक उत्तराखाली ‘सेवाशर्तींनुसार सर्व मालमत्ता कंपनीची’ हे वाक्य येतं. ठीक आहे. माझा जमिनीवर मालकी हक्काचा दावा नाही. पण बटणावर तुम्ही ‘प्लॉट खरेदी करा’ लिहिता आणि शर्तींत ‘केव्हाही रद्द करता येणारा परवाना’ लिहिता. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये यावरच कायदा केला, तो 1 जानेवारी 2025 पासून लागू आहे: डिजिटल वस्तू विकताना ती प्रत्यक्षात परवाना असेल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ म्हणायचं नाही. केवळ सबस्क्रिप्शनच्या मुदतीपुरत्या दिलेल्या सेवांना त्यातून सूट आहे हे मला माहीत आहे. पण लिलावात हिरे मोजून घेतलेला प्लॉट त्या सुटीत बसतो का, हे तुमच्या वकिलांना एकदा विचारा.

सेकंड लाइफ या आभासी जगाचं प्रकरणही त्यांना आठवत असेल. जमिनीच्या वादातून कंपनीने पेनसिल्व्हानियातल्या एका वकिलाचं अकाउंट गोठवलं. तो कोर्टात गेला. वाद फक्त लवादासमोर न्यायचा असं कंपनीच्या शर्तींत होतं. मे 2007 मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने ते कलम अन्यायकारक ठरवून लागू करायला नकार दिला. पुढे दोघांनी आपसात मिटवलं, त्यामुळे आभासी जमीन कुणाची हा प्रश्न सुटलाच नाही. पण सहीच्या जागी माउस क्लिक केला म्हणून शर्तीत काहीही चालतं, असं कोर्टाने मानलं नाही.

आमच्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आहे. त्यात ‘अन्याय्य करार’ म्हणजे काय ते लिहिलंय, आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवायचा अधिकार एकाच बाजूकडे ठेवणं त्यात येतं. तक्रार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात करता येते. 2020 चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकाला सेवा विकणाऱ्या परदेशी कंपनीलाही लागू आहेत: तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण महिनाभरात. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. आपला खेळ तसा नाही, आणि तसा वाटूही नये, ही माझीच इच्छा आहे. घरात आधीच ‘तो गेम बंद झाला का गं?’ असं विचारणारे आहेत. पण हिऱ्यांत जमीन घ्यायची, भाव चढला की बाहेर कुणाला तरी रोखीत विकायची, असा बाजार तुमच्या लिलावाभोवती आत्ताच उभा राहतोय. तो तुम्हालाही नकोच असेल.

आमच्या मागण्या अशा:

30 दिवसांची मुदत मागे घ्या. 90 नको असतील तर चर्चा करू, पण आधी घेतलेल्या घरांना जुनीच मुदत राहू द्या.

मालकाने नेमलेला एक जण किंवा गिल्डमधला कुणीही घरात आला तर घड्याळ मागे जाऊ द्या. लांबच्या नोकरीसाठी, आजारपणासाठी, बाळंतपणासाठी आधी अर्ज करून वर्षातून एकदा सहा महिन्यांपर्यंत घर कुलूपबंद ठेवायची सोय द्या. त्या काळात सबस्क्रिप्शन घ्यायचं तर घ्या, आमची हरकत नाही.

सूचना ईमेलवर पाठवा, तीनदा: महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि आदल्या दिवशी.

पैसे भरण्यात अडचण आल्याची नोंद तुमच्याच यंत्रणेत असेल तर ती मिटेपर्यंत घड्याळ थांबवा. भारतातल्या कार्डांसाठी नोंदणीची व्यवस्था करा, नाहीतर सहा महिन्यांचे, वर्षाचे पैसे यूपीआयने एकदम भरायची सोय द्या.

हिऱ्यांचा लिलाव बंद करा. मोकळे प्लॉट सोन्याच्या नाण्यांत, ठरलेल्या किमतीला, सोडतीने द्या. ज्यांच्याकडे एकही घर नाही त्यांना आधी. एका माणसाला एक प्लॉट, मग त्याची अकाउंटं किती का असेनात. दर महिन्याला किती घरं जप्त झाली आणि किती वाटली ते जाहीर करा.

घराचा आराखडा जपा आणि सामान किमान वर्षभर परत द्या. ज्यांची घरं नव्या नियमाने आधीच गेली त्यांचं सामान तर आज, आत्ता नष्ट होण्यापासून थांबवा. ही एक मागणी बाकीच्या चर्चेसाठी थांबू शकत नाही, कारण रत्नागिरीच्या आमच्या मित्राचे 14 दिवस येत्या रविवारी संपतात आणि तो सध्या समुद्रात आहे.

आणि ज्यांचा प्लॉट लिलावात अजून विकला गेला नाही, त्यांना तो परत द्या. ज्याने हिरे मोजून घेतलाय त्याच्याकडून काढून घ्या असं आम्ही म्हणत नाही. त्या माणसाने नियमानेच घेतला. त्या वेळी जुन्या मालकाला त्याच वॉर्डात दुसरी जागा द्या. वॉर्ड वाढवणं तुमच्या हातात आहे.

या पत्रावर आमच्या गल्लीतल्या सगळ्यांची संमती आहे. भोपळेवाल्या आजोबांना इंग्रजीत समजावून सांगितलं, त्यांचीही आहे. त्यांनी वर जोडायला सांगितलं की पॅचने फळीची युक्ती पुन्हा बंद करू नये. सपोर्टकडे हेच पत्र इंग्रजीत, तिकीट म्हणून, आज दिलं आहे. महिनाभरात माणसाने लिहिलेलं उत्तर आलं नाही तर आमच्यापैकी ज्यांनी वर्षाचं सबस्क्रिप्शन भरलंय ते ग्राहक आयोगाकडे तक्रार करतील. बाकीचे तोवर खेळत राहतील, हिरे मात्र कुणी घेणार नाही.

आपली,
नदीकाठच्या वॉर्डातली एक घरवाली
आणि गल्लीतले सर्व शेजारी